दोन घंटे ऊन

१९५७ साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि बाईंनी माझ्या नाकासमोर एक झबलं धरलं होतं.

"हे कोनाचं व्हय?"

मी बायलरच्या खोलीच्या दारात विडी ओढत बसलो होतो. भट्टी नुकतीच गच्च भरली होती, आता अर्धा घंटा बघायचं काम नव्हतं. मी म्हटलं, "असन तुमच्या दवाखान्यातल्या कोन्या लेकराचं. मले काय विचारता?"

"झबलं लेकराचंच आहे. त्याच्यावरचं काळं कोनाचं?"

झबल्यावर काजळी पडली होती. बोट लावलं की लांबत जाईल अशी. मी वर पाहिलं. आमच्या जिनाचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, धुराडं झोकात काळं ओकत होतं. मी म्हटलं, "अकोल्यात काय धुराडी कमी आहेत, बाई? आमचंच काहून?"

"सगळं तुमचं म्हन्लंच नाई मी. तुमचं किती, थे बोला."

हे बाईंचं बोलणं. किती, थे बोला. दूधवाला म्हणाला, "बाई, पाणी थोडंसंच पडलं," की, "किती, थे बोला." एखादी सासू म्हणाली, "पोरीले घुटी जराशीच चाटवली," की, "किती, थे बोला." वकिलीण बाळंत होताना ओरडली, "लय दुखते हो!" तर तिलासुद्धा तेच. वकिलीण त्या कळांतही हसली म्हणतात. तुम्हीही असं माणूस कुठं तरी पाहिलं असेल, ज्याच्यासमोर 'बरंच', 'जरा', 'पाहू' हे शब्द तोंडातच वाळून जातात.

आमचं जिन आणि नगरपालिकेचं बाळंतपणाचं घर यांच्यामध्ये एक रस्ता होता, बस. बाई तिथल्या मोठ्या नर्स. मूळच्या अमरावतीच्या, राहायला जठारपेठेत एका खोलीत, एकट्या. बुटक्या, रुंद, पायात पुरुषी कॅनव्हासचे जोडे, घड्याळ मनगटावर नाही तर पिनेनं छातीवर टाचलेलं. वेळ बघायची झाली की हनुवटी छातीला लावायच्या, आणि समोरच्याला वाटायचं की बाई आपल्यापुढं मान झुकवून राहिल्या. तशा त्या कोणापुढं झुकल्या नाहीत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सारे बाईच म्हणत. आता विचारायला कोणी उरलं नाही.

माझ्याबद्दल दोन शब्द. मी जिनाचा फायरमन, बायलरच्या भट्टीत कोळसा घालणारा. मी तिसरीतून उठलो. पण बायलरचा काटा मला कोणाच्याही बापापेक्षा चांगला कळायचा, आणि आगीचा माझ्यासारखा माणूस त्या वक्ताला जिल्ह्यात नव्हता. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं मी खोटं बोललो तेही सांगायचं आहे.

बाईंचं म्हणणं साधं होतं. जन्मलेली काही लेकरं दोन-तीन दिवसांत पिवळी पडतात. त्यांना सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, त्या वेळी आमच्या गावात दुसरा इलाज नव्हता. पण जिनाचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे ऐन थंडीचा. थंडीत सकाळचा धूर वर जात नाही. तो खाली बसतो, जुन्या शहराच्या बाजूनं मोर्णा नदीवरही पसरतो. बाळंतघराच्या अंगणावर तर चारी बाजूंनी चार जिनं धूर सोडत. सात ते नऊ, बाईंना दोन घंटे स्वच्छ ऊन पाहिजे होतं. त्याच दोन घंट्यांत आम्ही भट्ट्या गच्च भरत होतो.

बाई चारी मालकांकडे जाऊन आल्या. कोणाकडे चहा घेतला नाही. "चहा पिला का आवाज नरम होते," म्हणायच्या. चारही मालक भले होते, लेकरांचं कोणाला वाईट वाटत नाही? चौघंही एकच बोलले, "आमी तयार आहो बाई, पयले त्याइले सांगा."

त्याला कारण होतं. पातूरकडून कापसाच्या बैलबंड्या यायच्या. सगळ्या मालकांची पक्की समजूत की बंडीवाला दुरून पाहतो, ज्या धुराड्यातून जास्त धूर त्या जिनात काम जोरात, आणि तिकडेच बैल वळवतो. ज्याचा धूर बंद त्याचा कापूस बंद. मग पहिला धूर कोण कमी करणार? आमचे मालक तर सकाळी येऊन आधी धुराडं पाहायचे, मग देवाला हात जोडायचे.

बाई परत माझ्याकडे आल्या. "फायरमन," म्हणाल्या. रागावल्या की फायरमन, खुशीत असल्या की भाऊ. "धूर कमी करून आग ठेवता येते का?"

"नाई येत," मी म्हटलं. "आग म्हन्ली का धूर आलाच."

हे माझं खोटं. येते. कोळसा गच्च न भरता पातळ पसरायचा, दर दोन-तीन मिनिटाला एक फावडं, धुराड्याची झडप हातानं सांभाळायची. धूर पांढरा, विरविरीत निघतो. पण मग विडीचा अर्धा घंटा जातो. दोन घंटे कंबर सरळ होत नाही. मी कशाला सांगू?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं. तुमाले येत नसन."

आणि गेल्या.

मला येत नसेल! मला! त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक यायच्या आत मी भट्टी पातळ लावली, आणि रस्त्यात येऊन उभा राहिलो. बाई अंगणात होत्या. मी हातानंच दाखवलं, वर पाहा. धुराड्यातून नुसती वाफेसारखी रेघ. बाईंनी वर पाहिलं, हनुवटी छातीला लावून घड्याळ पाहिलं, आणि आत निघून गेल्या. शाबास नाही, काही नाही. मालकांची पावलं ऐकू आली तसा मी भट्टीत तीन टोपली ओतली.

मी मनात म्हटलं, सुटलो. पण फसलो होतो. आता बाईंना माहीत झालं होतं.

परवा नात टीव्ही पाहत होती. देशोदेशीचे लोक एका लांबलचक टेबलाभोवती बसले होते, सगळ्यांच्या कानात यंत्रं. मी विचारलं, काय चाललं? ती म्हणाली, आजोबा, जगाचा धूर फार झाला, हवा तापली, तर कोणत्या देशानं किती कमी करायचा ते ठरवून राहिले. किती वर्षांपासून? म्हणाली, पुष्कळ वर्षांपासून. मी म्हटलं, मग यांच्यात बाई नाही. ती हसली. मी हसलो नाही. ही बैठक मी पाहिलेली आहे, अकोल्यात, त्याच हंगामात, भर दुपारी, बाळंतघराच्या ओसरीत.

बैठक ओसरीतच, हा बाईंचा हट्ट. नवरे लोक जिथं बसून वाट पाहतात त्या बाकांवर चार जिनवाले मालक. आतून लेकरं रडून राहिलेली. मला मालकांनी सोबत आणलं होतं, साक्षीला. मी खांबाजवळ उभा. आणखी एक माणूस कोपऱ्यात उकिडवा बसला होता, पातूरकडचा बंडीवाला. त्याची बायको आत होती, आणि तीन दिवसांची पोरगी हळदीसारखी पिवळी झाली होती. तो बैठकीसाठी आला नव्हता. तो पोरीसाठी बसला होता.

मालक लोक एकमेकांसमोर आकडा बोलेनात. एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं त्याहून कमी बोलावं तर? मग कापूसबाजारातला एक जुना दलाल बोलावला. चौघांचाही विश्वासू. आमच्याकडे तेव्हा बैलाचा आणि कापसाचा सौदा तोंडानं कमी, उपरण्याखाली जास्त व्हायचा. उपरण्याखाली हात घालायचा, दलालाची बोटं दाबायची, जितकी बोटं तितका भाव, तिसऱ्याला पत्ता नाही. दलालानं तीच रीत लावली. उपरणं पसरलं, एकेका मालकापाशी गेला. प्रत्येकानं गंभीर तोंड करून हात आत घातला, दाबला, काढला. दलालानं डोळे मिटून बेरीज केली आणि मोठ्यानं म्हणाला, "अकरा!"

"वा!" एक मालक म्हणाले. "अकरा म्हंजे चांगलं झालं." सगळ्यांनी मान हलवली. पान निघालं.

बाई म्हणाल्या, "अकरा काय?"

पान हातातच राहिलं.

"काय म्हंजे," दलाल म्हणाला, "अकरा. दोन, चार, तीन आन् दोन."

"थे समजलं. अकरा काय? तुमी किती काय दाबलं, एकेकानं बोला."

आमचे मालक म्हणाले, "मी दोन टोपली कोळसा म्हन्ला, रोजचा." शेजारचे म्हणाले, "मी तर चार आणे धूर म्हन्ला. रुपयातले चार आणे." तिसऱ्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "मी तीन म्हन्लं. म्हंजे तीन वर्सानं सुरू करतो." चौथे नवे जिनवाले, दोनच हंगाम झालेले, ते हळूच म्हणाले, "मी तर दोन घंटे समजलो होतो, बाई. तुमी तेच मागत होते ना?"

टोपली, आणे, वर्षं, घंटे. सगळ्यांची मिळून अकरा. मी आयुष्यात इतक्या मोठ्या लोकांपुढं हसलो नव्हतो. त्या दिवशी हसलो. मालकांनी वळून पाहिलं तसा खोकलो.

बाईंनी दलालाच्या हातातून उपरणं घेतलं, नीट चौपदरी घडी घातली, त्याच्या मांडीवर ठेवलं. "आता उघड्या हातानं," म्हणाल्या. "सात ते नऊ. टोपली नाई, आणे नाई. किती घंटे, थे बोला. आन् कईपासून."

उघड्या हातानं बोलायचं म्हटल्यावर भांडण सुरू झालं. आमच्या मालकांनी नव्या जिनवाल्याकडे बोट केलं, "यायनं दोन घंटे बंद करावं, मग मी करतो."

नवे जिनवाले गरम झाले. "काहून जी? मी कालचा आलो. तुमचं धुराडं चाळीस वर्सापासून चालू आहे. हे भिंत पाहा," त्यांनी ओसरीची भिंत दाखवली, खरंच ती काळी होती, "याच्यात माझं काय आहे? मले आताशी चार दाणे मिळून राहिले तर म्हन्ता चूल विझव?"

"पन पुढच्या साली तुमचा दुसरा बायलर येऊन राहिला! थो मोजा ना!"

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नवे भाऊ बरोबर बोलले. जुना धूर ज्याचा, त्यानं पयले आन् पुरं." आमच्या मालकांचं तोंड उतरलं, नव्यांनी छाती काढली. बाई त्यांच्याकडे वळल्या. "आन् तुमी लय खुश नोका होऊ. लेकराच्या नाकात गेल्यावर जुना-नवा वेगळा होत नाई. तुमी या हंगामात एक घंटा, पुढच्यापासून दोन. दुसरा बायलर आला तरी दोनच. एक मिनिट कमी चालणार नाई."

टीव्हीवर आपल्या देशाचा माणूस बोलत होता, तेव्हा नातीनं मला समजावून सांगितलं. तो म्हणत होता, ज्यांनी आधी धूर करून घरं भरली त्यांनी आधी कमी करावा, आमच्या लोकांच्या घरी आता कुठं दिवा लागतो आहे. बरोबर बोलला. मला ऐकून छाती भरून आली, कोणी आपल्या बाजूनं असं उभं राहतं तेव्हा भरतेच. पण मी नातीला म्हटलं, बाई असती तर तिनं मान हलवली असती आणि लगेच विचारलं असतं, मग तुमचं किती, थे बोला.

ओसरीत आमचे मालक अजून हटले नव्हते. म्हणाले, "धूर नसला तर बंड्या येनार नाई. पातूरवाले धूर पाहून येते."

बाईंनी कोपऱ्यात पाहिलं. "काहो भाऊ, तुमी पातूरचे. धूर पाहून येता?"

बंडीवाला दचकला. एवढ्या मालकांत आपल्याला कोणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. उठून उभा राहिला. "नाई जी," म्हणाला. "धूर कायले पाह्यतो? बैलाइलेच रस्ता ठाव आहे. ज्या जिनात पान्याचा हौद भरेल असते, बैलं तिकडेच जाते. आमी तं झोपेल असतो बंडीत."

चाळीस वर्षं आमचे मालक देवाच्या आधी धुराड्याला पाहत आले, आणि बंडीवाला झोपलेला! नवे जिनवाले हसले तर हसतच राहिले. आमच्या मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पण मोठा माणूस एकदम हार मानत नाही. शेवटचं म्हणून ते म्हणाले, "ठीक आहे. मी करतो म्हन्लं तरी होत नाई. आग म्हन्ली का धूर आलाच. विचारा माझ्या फायरमनले. जिल्ह्यात असा मानूस नाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी मात्र पाहिलं नाही. त्या हनुवटी छातीला लावून घड्याळ पाहत होत्या. त्यांनी त्या पातळ भट्टीच्या सकाळची गोष्ट काढली असती तर मालकांपुढं माझी नोकरी तिथंच गेली असती. त्यांना माहीत होतं, आणि त्या बोलल्या नाहीत. माझ्यावर सोडलं. बंडीवाला माझ्याकडे पाहत होता. त्याला फक्त एवढंच कळलं होतं की त्याच्या पोरीचं ऊन आता या काळ्या हातांच्या माणसाच्या तोंडात आहे.

मी म्हटलं, "होते, मालक."

"काय होते?"

"धूर कमी होते. मले येते. बाकीच्या तिघांच्या फायरमनलेही शिकवतो, लागन तर."

मालकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. पण जिल्ह्यात असा माणूस नाही हे त्यांनीच चार लोकांत बोलून टाकलं होतं, आता फिरवता कसं? ते उठले, टोपी घातली, म्हणाले, "सोमवारपासून. सात ते नऊ." बाकीचे दोघं आठ दिवसांनी. तीन वर्षांवाल्यांनी विचारलं, "तीन महिने?" बाईंनी नुसतं पाहिलं. "आठ दिवस," ते म्हणाले.

जिनात परत आल्यावर मालक म्हणाले, "तुले कोन बोलाले सांगतलं होतं रे?"

"तुमीच विचारलं, मालक."

सोमवारी सात वाजता मी पहिलं पातळ फावडं मारलं. नऊ वाजेपर्यंत पाठीचा खुर्दा झाला. अंगणात बाईंनी खाटल्या मांडल्या होत्या, पिवळी पोरगी उघडी उन्हात ठेवलेली, डोळ्यांवर फडकं. पाच-सहा दिवसांनी बंडीवाला जाताना आमच्या दारात थांबला. त्यानं पोरीच्या डोळ्याची पापणी बोटानं अलगद वर करून मला दाखवली. पांढरा स्वच्छ डोळा. पोरगी रडायला लागली, तो हसत निघून गेला.

पुढं सहा हंगाम ते चाललं. दोनदा शेजारच्या जिनानं चोरून भट्टी भरली. बाई भर हंगामात त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, "आज किती, थे बोला," म्हणून. नव्यांचा दुसरा बायलर आला, त्यांनी शब्द पाळला. मला मात्र बाईंनी त्या सहा वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नाही. फक्त फायरमन म्हणणं बंद झालं. त्यानंतर भाऊच.

१९६३च्या पावसाळ्यात त्यांची बदली अमरावतीला झाली. जाताना रस्त्यातूनच म्हणाल्या, "जातो, भाऊ." मी म्हटलं, "हाव, बाई." दोघांनाही जास्त बोलता येत नव्हतं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, मी सात वाजता पातळ भट्टी लावायला लागलो. महिनाभरातच बाळंतघरात अमरावतीहून कार्ड आलं. बाई गेल्या. ताप आला होता, आठ दिवसांत आटोपलं.

मालकही हळहळले. खरे हळहळले, खोटं सांगणार नाही. दुपारी मला कचेरीत गादीपाशी बोलावलं. म्हणाले, "बाई लय खरी होती. पन आता एक पाह्य. नवी नर्स आली तिकडे, तिनं एक दिवस तरी लेकरं अंगनात काढली का? महिना झाला, अंगन रिकामं आहे. तू कोनासाठी मरून राहिला? उद्यापासून भर भट्टी."

बाहेर येऊन पाहिलं तर खरंच होतं. मी इतके दिवस खाली मान घालून फावडं मारत राहिलो, एकदाही रस्त्यापलीकडे नजर टाकली नव्हती. अंगणात खाटल्या नव्हत्या. नव्या नर्सला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला काय माहीत की या गावात सकाळी सात ते नऊ ऊन मिळतं, आणि ते कसं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पातळच लावली. सात वाजले तसं फावडं भट्टीवरच्या जोडीदाराच्या हातात दिलं, बंबाच्या पाण्यानं हात धुतले, निघतील तेवढे, आणि रस्ता ओलांडला. बाळंतघराच्या आत पुरुषानं जायचं नसतं, म्हणून अंगणाच्या फाटकातच उभा राहून हाक मारली. नवी नर्स बाहेर आली, पोरसवदा, माझे हात पाहून जराशी घाबरलेली.

"कोन तुमी? काय पाह्यजे?"

मी म्हटलं, "मी समोरचा फायरमन, बाई. लेकरं बाहेर काढा. नऊ वाजेपर्यंत ऊन आहे."